कळेचा तास आणि चालण्याची वर्षं

मावशीला पहिली कळ आली ती लग्नघरात, साताऱ्याला, पुतण्याच्या हळदीच्या रात्री. जेवणात मसालेभात, जिलबी, वर सढळ हाताचं तूप. अकराच्या सुमारास उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं आणि अर्ध्या तासात ते दुखणं पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत चढलं. "अगं, पित्त झालंय तुला, वज्रासनात बस जरा," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. काकांचं मत वेगळं होतं. "नुसती बसू नकोस, अंगणात फेऱ्या मार. गॅस सुटला की मोकळी होशील." मावशीनं दोघांचंही ऐकलं. मध्ये ओवा चावला, सोडा घेतला, एक उलटी झाली. आणि अडीचच्या सुमारास, ती मांडवाच्या कडेनं चालत असताना, दुखणं जसं आलं तसं निघून गेलं.

"चालल्यानं थांबलं," ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होती. पुढचं दीड वर्ष ती हेच सांगत राहिली, आणि करतही राहिली. रात्री दोन वाजता उजव्या कुशीवर मूठ दाबून गॅलरीत येरझाऱ्या घालणारी मावशी मी पाहिली आहे. एका सकाळी तिची लघवी गडद झाली, डोळे पिवळे पडले आणि थंडी वाजून ताप भरला. पित्ताच्या पिशवीतला एक खडा खाली उतरून मुख्य पित्तनलिकेत अडकला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो काढावा लागला, आणि नंतर पिशवीही. ती वाचली. पण त्या दीड वर्षात तिला कुणी सोनोग्राफी करून घे म्हटलं नाही, कारण तिच्याकडे उपाय होता आणि तो दर वेळी लागू पडत होता.

मला या लागू पडण्याबद्दल लिहायचं आहे. व्यायामावर माझी श्रद्धा आहे, आणि पित्ताच्या खड्यांच्या बाबतीत तर ती सबळ पुराव्यावर उभी आहे. तरीही कळ उठलेल्या माणसाला आसनं करायला सांगणं, फेऱ्या मारायला लावणं, पोट आत-बाहेर करायला सांगणं हे मला चुकीचं वाटतं. ज्या औषधाचा गुण यायला वर्षं लागतात, ते आपण तासाच्या दुखण्यावर देतो आहोत.

घोटाळ्याची सुरुवात भाषेतच आहे. मराठीत 'पित्त' या एका शब्दावर आपण तीन-चार दुखणी लादली आहेत. छातीत जळजळ झाली की पित्त. अंगावर गांधी उठल्या की पित्त. रिकाम्या पोटी डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. यांतल्या कशाचाही यकृतात तयार होणाऱ्या त्या हिरवट-पिवळ्या पित्तरसाशी थेट संबंध नाही. जळजळ होते ती जठरातल्या आम्लामुळे, आणि गांधी ही बहुतेकदा ॲलर्जीसारखी त्वचेची प्रतिक्रिया असते. खरं पित्त यकृत दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास तयार करतं. त्यातलं थोडं यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या पेरूच्या आकाराच्या पिशवीत साठतं आणि तिथं आटून दाट होतं. पिशवीत मावतं किती, तर तीस ते पन्नास मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाचा ग्लासही पुरता भरणार नाही इतकं. जेवणातली चरबी लहान आतड्यात पोचली की तिथून एक संप्रेरक रक्तात उतरतं, पिशवी आवळली जाते आणि पित्त आतड्यात येऊन चरबी फोडतं. 'कोलेसिस्टोकायनिन' असं त्याचं लांबलचक नाव. या आवळण्याला अंगणातल्या फेरीची गरज नसते, जिलबी आणि तूप पुरेसं असतं.

आता पिशवीत खडे आहेत असं समजू. बहुतेक वेळा ते गप्प पडून असतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या, सहज तपासणीत खडे सापडलेल्या पण काहीच त्रास नसलेल्या 123 जणांवर संशोधकांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पंधरा-वीस वर्षांत साधारण 18 टक्के लोकांनाच कळ उठली. गप्प खड्यांसाठी पिशवी काढायची घाई करू नये, हे तेव्हापासून वैद्यकात बरंच पक्कं झालं. पण एखादा खडा पिशवीच्या अरुंद मानेत अडकला आणि तूपभाताच्या हाकेला ओ देऊन पिशवी त्याच्यावर आवळत राहिली, की कळ उठते. ती अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत टिकते. खडा मानेतून सुटून मागे पिशवीत पडला की ती थांबते.

हे थांबणं आपोआप होतं, आणि आपली सगळी फसगत तिथंच होते. तीन तास दुखणारा माणूस त्या तीन तासांत स्वस्थ बसत नाही. तो सोडा घेतो, शेक घेतो, कुशी बदलतो, पवनमुक्तासन करतो, कुणीतरी सांगितलेला बिंदू दाबतो, चालतो. दुखणं ज्या क्षणी थांबतं त्या क्षणी तो जे करत असेल, त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. मावशी चालत होती म्हणून चालण्याला मिळालं. ती ओवा चावत असती तर ओव्याला मिळालं असतं. दहा जणांच्या अशा दहा कळा एका गल्लीत जमा झाल्या, की दहा अनुभवसिद्ध उपाय तयार होतात, आणि ते सांगणारं प्रत्येक माणूस खरं बोलत असतं. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. अनुभव खरा असतो, त्यातून काढलेलं कारण खोटं असतं.

या बाबतीत एक गोष्ट वैद्यकानं स्वतःच नोंदवून ठेवली आहे. पित्ताशयाची कळ ओळखायचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत असं लिहिलं आहे की हे दुखणं शरीराची स्थिती बदलल्यानं, शौचाला जाऊन आल्यानं किंवा आम्लाचं औषध घेतल्यानं विशेष कमी होत नाही. म्हणजे कूस बदलून, वाकून, बसून न शमणं हे या कळेचं ओळखपत्रच आहे. आसनानं पाच मिनिटांत साफ थांबणारी पोटदुखी असू शकते, पण ती बहुधा खड्याची नसते.

मग लोकांना व्यायामच का सुचतो? मला वाटतं, मुतखड्यामुळे. मुतखडा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यावरचं कुळथाचं कढण माहीत आहे, भरपूर पाणी प्यायचं, जिने चढायचे, उड्या मारायच्या हेही माहीत आहे. तिथं या सल्ल्यात निदान काही तर्क आहे. मूत्रपिंडातून निघालेल्या नळीचा रस्ता बाहेर जातो. खडा बारीक असला तर तो हलणं, खाली घसरणं आणि एक दिवस पडून जाणं हीच सुटका असते. 'खडा' हा शब्द दोन्हीकडे एकच, म्हणून आपण युक्तीही तीच लावतो. पण पित्ताच्या पिशवीची रचना वेगळी आहे. तिच्या तोंडाशी नागमोडी पडद्यांची बारीक नळी आहे, ती मुख्य पित्तनलिकेला मिळते, आणि ती नलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशीच स्वादुपिंडाचा रसही येऊन मिळतो. इथं खडा 'सरकणं' ही सुटका नव्हे, तो संकटाचा पहिला टप्पा आहे. तो मुख्य नलिकेत अडकला तर कावीळ आणि थंडीताप, आणि शेवटच्या सामाईक तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाचा दाह, ज्यात माणूस अतिदक्षता विभागात पोचू शकतो. पिशवीत स्वस्थ पडलेला खडा त्यामानानं सुरक्षित असतो.

म्हणून 'या व्यायामानं खडा सरकतो' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहते. ते खरं नसेल, तर व्यायाम निरुपयोगी. खरं असेल, तर धोकादायक. मला पहिलंच बरोबर वाटतं, कारण आतल्या अवयवांवर संप्रेरकांची आणि अन्नाची हुकमत चालते, पोटाच्या स्नायूंची नाही. याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मला तिचाही राग येतो. खडे आहेत असं कळल्यावर 'आता चालूसुद्धा नका, खडा हलेल' असं बजावणारे असतात. गप्प खडे बाळगणाऱ्या, कळ नसलेल्या माणसानं रोजचं चालणं, पोहणं, सायकल, सूर्यनमस्कार बंद करण्याचं काहीही कारण नाही. या धास्तीनं घरात बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि घरात बसणं हेच खड्यांना पोषक असतं.

फेऱ्या मारण्याच्या सल्ल्यात आणखी एक धोका आहे, आणि तो खड्यांच्याही पलीकडचा आहे. पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या मधोमध असलेल्या हाडाच्या खाली दुखतंय, ढेकर येताहेत, घाम फुटलाय, मळमळतंय. हे सगळं पित्ताशयाच्या कळेत होतं तसं हृदयविकाराच्या झटक्यातही होतं. विशेषतः हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटदुखीचा वेष घेऊन येतो. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत तर छातीत कळ न येताही येतो. अशा माणसाला 'गॅस धरलाय, जरा चाल' म्हणून जिन्यानं वर-खाली करायला लावणं म्हणजे काय, हे एकदा शांतपणे डोळ्यांसमोर आणावं. घरच्या माणसाला हा फरक बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी ईसीजी काढावा लागतो, आणि ईसीजीला मिनिटं लागतात.

आता व्यायामाच्या खऱ्या कामाकडे येते. माझा जीव इथं अडकला आहे, कारण तासाच्या चमत्काराच्या नादात हे काम कुणी सांगतच नाही.

अमेरिकेत पुरुष आरोग्य-व्यावसायिकांचा एक मोठा गट वर्षानुवर्षं अभ्यासला गेला. त्यातल्या 45,813 पुरुषांची आठ वर्षांची माहिती 1998 साली प्रसिद्ध झाली. जे अधिक हालचाल करत होते त्यांच्यात त्रासदायक खड्यांचं प्रमाण कमी होतं. संशोधकांचा अंदाज असा, की आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास दमश्वासाचा व्यायाम सगळ्यांनी केला असता, तर अशा आजारांपैकी सुमारे 34 टक्के टळू शकले असते. पुढच्याच वर्षी 60,290 परिचारिकांचा अभ्यास आला. त्यात सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना पिशवी काढण्याची वेळ येण्याचा धोका सुमारे 31 टक्क्यांनी कमी आढळला, आणि आठवड्याला साठ तासांहून अधिक काळ कामावर किंवा गाडी चालवताना बसून असलेल्या स्त्रियांचा धोका दुपटीहून जास्त. वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक राहिला. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. व्यायाम करणारी माणसं इतरही बऱ्याच बाबतींत वेगळी असतात, तेव्हा सगळं श्रेय एकट्या व्यायामाला देता येणार नाही. पण आकडे मोठे आहेत, स्त्री-पुरुष दोघांत एकाच दिशेनं जातात, आणि त्यांच्यामागची यंत्रणा समजण्यासारखी आहे.

खडा बनतो कसा? आपल्याकडच्या बऱ्याच खड्यांत मुख्य घटक कोलेस्टेरॉल. पित्तात ते पित्तक्षार आणि लेसिथिन यांच्या आधारानं विरघळून राहतं. त्यांचं आपसातलं प्रमाण बिघडलं की कोलेस्टेरॉलचे स्फटिक पडतात, जसा थंडीत काकवीच्या तळाशी साखरेचा रवा धरतो. पिशवी आळशी असेल, पूर्ण रिकामी होत नसेल, तर त्या स्फटिकांना वाढायला निवांत वेळ मिळतो. नियमित व्यायामानं इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध कमी होतो, रक्तातली ट्रायग्लिसराइडं उतरतात, आतड्यांची चाल सुधारते. पित्ताची घडण त्यामुळे हळूहळू बदलते. या वाक्यातला 'हळूहळू' हा शब्द माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे. खडा काही एका रात्रीत तयार झालेला नसतो. त्याच्यावर थर चढायला महिने, वर्षं गेलेली असतात, आणि त्याच्याविरुद्धची लढाईही तितक्याच लांब पल्ल्याची असते. तयार झालेला खडा मात्र व्यायामानं विरघळत नाही.

आणि उतावीळपणा इथं उलटतो. वजन उतरवायचं म्हणून जे लोक अचानक जेवण तोडतात, आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगानं बारीक होतात, त्यांच्यात खडे होण्याचा धोका वाढतो. चरबी वितळताना कोलेस्टेरॉल पित्तात लोटलं जातं आणि पोटात अन्नच नसल्यानं पिशवी आवळत नाही. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर म्हणूनच डॉक्टर काही महिने अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. जिममधली 'एका महिन्यात दहा किलो' ही पाटी बघितली की मला मावशी आठवते. पहिल्या कळेच्या आधीच्या उन्हाळ्यात, लग्नात बारीक दिसावं म्हणून, ती दोन महिने सकाळ-संध्याकाळ नुसत्या फळांवर राहिली होती. तेवढ्यानंच खडे झाले असं मी म्हणणार नाही. पण ती करत होती ते खड्यांना अडवणारं नव्हतं, एवढं नक्की. आपल्या बायकांचे लांबलचक उपास, आणि मग रात्री तुपाशेंगदाण्यातली खिचडी, यांचाही या अंगानं विचार व्हायला हवा. दिवसभर निपचित पडलेल्या पिशवीला एकदम काम लावण्याचा तो प्रकार आहे.

'पण योगाचं काय?' हा प्रश्न येणारच, आणि तो टाळणं मला जमणार नाही, कारण उत्तर आपल्याच भूमीत आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, दाब मोजणाऱ्या नळ्या लावून तपासलं. नौलीत आतड्यातला दाब हवेच्या दाबाखाली जातो हे त्यांना मोजमापानं दिसलं, आणि त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. त्यांची योगावर निष्ठा होती, म्हणूनच त्यांनी तो मोजला. आज एखादं आसन 'यकृताला मसाज करतं' आणि 'खडे बाहेर काढतं' असं बिनदिक्कत सांगितलं जातं, तेव्हा मला शंभर वर्षांपूर्वीची ती लोणावळ्याची शिस्त आठवते. खडे होते त्याची सोनोग्राफी दाखवा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. असं विचारण्यानं योगाचा कसलाही अपमान होत नाही.

'लिव्हर फ्लश'च्या गोष्टीत हेच मोजमाप उपयोगी पडलं. सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घेतल्यावर शौचातून पडणारे हिरवे गोळे लोक अभिमानानं दाखवतात. 2005 साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका बाईंचे असे गोळे प्रयोगशाळेत तपासल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतं, पित्तरंग नव्हता. ते प्यायलेल्या तेलाचे, पोटातच बनलेले साबणासारखे गोळे होते. त्या बाईंच्या पिशवीतले खडे शस्त्रक्रियेनंच निघाले.

सगळ्यांना एकच व्यायाम सांगण्यातली चूक गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी भागात सर्वांत जास्त टोचते. तिथं सिकल सेलचा आजार आहे. त्यात रक्तपेशी सतत फुटतात, पित्तरंगाचा लोंढा यकृतावर येतो आणि शाळकरी मुलांच्याही पिशवीत काळे खडे होतात. या खड्यांचा वजनाशी, बसून राहण्याशी, तुपाशी काही संबंध नाही. त्या पोरांनी कितीही पळून खडे टळणार नाहीत. उलट दमछाक आणि अंगातलं पाणी कमी होणं यांनी त्यांना सिकलचा झटका येऊ शकतो, आणि त्या झटक्यातही पोट दुखतंच. अशा मुलाच्या पोटदुखीवर शाळेत 'मैदानाला दोन चकरा मार' म्हणणारे गुरुजी वाईट नसतात. त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं.

कळा वारंवार येऊ लागल्या की उपाय शेवटी पिशवी काढण्याचाच. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली ती पहिल्यांदा काढली, आणि पिशवीशिवाय माणूस नीट जगतो हे दाखवलं. यकृत पित्त करतच राहतं, फक्त ते साठत नाही. पोट न फाडता दुर्बिणीनं हे काम भारतात पहिल्यांदा झालं ते मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, 1990 साली डॉ. तेहमटन उडवाडिया यांच्या हातून. साधनं अपुरी असलेल्या सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया गरिबांपर्यंत पोचली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कारण कामावर लवकर परतण्याची निकड ज्याचं पोट हातावर आहे त्यालाच सर्वांत जास्त असते. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. घरच्या बाईचं ऑपरेशन म्हटलं की 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायला आपल्याला हजार कारणं सापडतात. 'व्यायाम करून बघ आधी' हे त्यांतलं सर्वांत सभ्य, सर्वांत काळजीनं दिलेलं आणि सर्वांत महाग पडणारं कारण आहे.

गंमत अशी, की ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती चालण्याची. त्याच संध्याकाळी आधार घेऊन उठायचं, वॉर्डात पावलं टाकायची. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो तो दिवसा-दोन दिवसांत ओसरतो, पायात रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. पाण्याची कळशी, गॅसची टाकी उचलायची नाही काही आठवडे, पण चालायचं. मावशीला नर्सनं उठवलं तेव्हा ती रडली होती. चालण्यावरचा तिचा विश्वासच उडाला होता. "मी चाललेच ना गं दीड वर्ष," ती मला म्हणाली. मी तिला काय सांगणार होते? दीड वर्ष ती रात्री दोन वाजता चालली होती. सकाळी कधीच नाही.

आता ती सकाळी चालते. सहाला निघते आणि अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेनं वर जाऊन येते, तिच्याबरोबर गल्लीतल्या चार-पाच बायका असतात. त्यांतल्या एकीनं परवा वाटेत सांगितलं, रात्री पोटात फार दुखलं, पित्त झालं होतं, घरातच चकरा मारल्या तेव्हा बरं वाटलं. मावशी थांबली. तिनं विचारलं, "किती वेळ दुखत होतं? जेवणात काय होतं? पाठीत गेलं होतं का?" आणि उत्तरं ऐकून झाल्यावर त्या बाईला घेऊन ती तिथूनच खाली उतरली.